मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, मग वडिलांची गोळी बंद करू का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल.

वडील ६८ वर्षांचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॉवर प्रेसवर उभी हयात गेली. गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला, आणि तेव्हापासून रात्री अटोर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध, चालू होतं. एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ५८वर आलं. पण काही महिन्यांपासून त्यांना नावं आठवत नाहीत, सांगितलेलं लक्षात राहत नाही, तीच चौकशी परत करतात. त्यातच तुमच्या वाचनात आलं की मेंदूतल्या ग्लिया पेशी चेतापेशींना कोलेस्टेरॉल पुरवतात आणि त्याशिवाय सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधले जोड, नीट तयार होत नाहीत. तुम्ही हिशेब मांडलात: रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली आलं, मेंदूला तुटवडा पडला, म्हणून विसर पडतो. तालमीतल्या एका वस्तादांनीही मान डोलावली. मग भेजा फ्राय, तूप आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध सुरू झालं आणि गोळी तीन आठवड्यांपासून बंद आहे. जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की दीड वर्षाच्या नातवाच्या मेंदूसाठी तूप वाढवावं का.

बाकी सगळं नंतर, आधी गोळी. स्टेंट बसून वर्षच झालेल्या माणसाने स्टॅटिन आपल्या मनाने बंद ठेवणं धोक्याचं आहे. ज्यांनी स्टेंट बसवला त्या डॉक्टरांना आजच फोन करा, तीन आठवडे गोळी बंद आहे हे स्पष्ट सांगा, आणि ती पुन्हा कशी सुरू करायची ते त्यांच्याकडूनच घ्या. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्याही त्याच झपाट्यात थांबल्या नाहीत ना, ते डबा उघडून बघा. घरात एक गोळी बंद झाली की पाठोपाठ दुसरीही जाते, हे मी बरेचदा पाहिलंय.

आता मूळ मुद्दा. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. उलट ते फार सुंदर संशोधन आहे. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष त्यात नाही, आणि तो का नाही हे कळायला प्रयोग कसा झाला ते बघावं लागतं.

मी शिकत होतो तेव्हा ग्लिया पेशींचा धडा दोन पानांत आटपायचा. चेतापेशींना आधार द्यायचा, त्यांचं पोषण बघायचं, कचरा साफ करायचा, एवढंच त्यांचं काम, असं समजत. संख्येने त्या चेतापेशींच्या दसपट असतात हेही ठोकून सांगितलं जायचं. पुढे नीट मोजणी झाली तेव्हा माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आणि ग्लियाही जवळपास तेवढ्याच निघाल्या. या पेशी जोडणीच्या कामात स्वतः हात घालतात की नाही, हे मात्र तपासायला अवघड होतं. कारण प्रयोगशाळेच्या बशीत चेतापेशी वाढवायच्या तर सोबत ग्लिया येतातच, आणि दोघींचं काम वेगळं करून बघता येत नाही.

ती अडचण अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत सुटली. त्यांच्याकडे उंदराच्या पिल्लांच्या दृष्टिपटलातल्या गँग्लियन नावाच्या चेतापेशी अगदी शुद्ध स्वरूपात वेगळ्या काढण्याची पद्धत होती. बशीच्या तळाला विशिष्ट अँटिबॉडी लावायच्या, त्यांना फक्त हव्या त्या पेशी चिकटतात, बाकीच्या धुऊन जातात. शिवाय या चेतापेशी रक्तद्रवाशिवायच्या, घटक न् घटक ठाऊक असलेल्या द्रवात ग्लियांविना जिवंत ठेवता येत होत्या. फ्रँक प्फ्रीगर हे जर्मन शास्त्रज्ञ तिथे काम करत होते. १९९७ साली त्यांनी आणि बॅरेस यांनी दाखवलं की ग्लिया नसताना या चेतापेशी जोड करतात, पण ते जोड बहुतेक वेळ गप्प असतात. एका पेशीने संदेश पाठवला तरी पलीकडे तो बरेचदा पोचतच नाही. सोबत ग्लिया ठेवल्या की आपोआप उमटणाऱ्या संदेशांची वारंवारता ७० पट वाढली आणि त्यांची ताकद ५ पट. चेतापेशी जास्त जगल्या म्हणून हे झालं असंही नव्हतं. जगण्याचं प्रमाण तेच होतं. फरक पडला तो जोडांच्या कामात.

मग शोध सुरू झाला तो ग्लिया असं काय सोडतात याचा. ग्लिया ज्या द्रवात वाढल्या तो नुसता द्रव चेतापेशींवर घातला तरी परिणाम दिसत होता, म्हणजे त्यात विरघळलेलं काहीतरी होतं. २००१ साली बॅरेस यांच्या गटाने दाखवलं की अॅस्ट्रोसाइट या ग्लिया पेशींमुळे कामाच्या, पक्व सिनॅप्सची संख्या ७ पटींनी वाढते. त्याच वर्षी, तोवर युरोपात परतलेल्या प्फ्रीगर यांच्या गटाने तो पदार्थ ओळखला. डानिएला माउख या त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका. कुठलं तरी नवं, भारदस्त नावाचं प्रथिन निघेल अशी बहुतेकांची अटकळ असणार. निघालं ते कोलेस्टेरॉल! अपोलिपोप्रोटीन ई नावाच्या प्रथिनाच्या कणांत बांधलेलं, पण कोलेस्टेरॉलच.

त्या निबंधातला जो भाग तुमच्यापर्यंत पोचताना गळून पडला तो असा. चेतापेशी जगण्यापुरतं आणि वाढण्यापुरतं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतात. भरपूर आणि पक्व सिनॅप्स करायचे तर त्यांना वरचा पुरवठा लागतो, आणि तो देतात शेजारच्या ग्लिया. त्या बशीत रक्त नव्हतं, यकृत नव्हतं, आहार नव्हता. अख्खा व्यवहार मेंदूच्या दोन प्रकारच्या पेशींमधला होता. म्हणजे या प्रयोगाने रक्तातल्या एलडीएलबद्दल एक अक्षरही सांगितलेलं नाही. सांगितलं ते इतकंच, की मेंदू आपल्या जोडांसाठीचं कोलेस्टेरॉल घरातच बनवतो आणि घरातच वाटतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण कोलेस्टेरॉलचंच कौतुक फार झालं की गैरसमज होतो. ग्लिया याखेरीजही बरंच काही सोडतात. २००५ साली बॅरेस यांच्याच प्रयोगशाळेतून थ्रॉम्बोस्पॉन्डिन या प्रथिनांचं काम आलं. त्यांच्यामुळे दिसायला अगदी बरोबर, पण संदेश घेण्याच्या बाजूने मुके असे जोड तयार होतात. त्यांना बोलतं करायला आणखी काही घटक लागतात, आणि त्यातले काही पुढे सापडलेही. गंमत म्हणजे चेतापेशीवर हे प्रथिन ज्या ठिकाणी बसतं तिथेच गॅबापेंटिन बसतं, हे २००९ साली कळलं. नस दुखण्यावरची ही गोळी मी रोजच लिहून देतो. तेव्हा जोड घडवणं हे अनेक पदार्थांचं मिळून चाललेलं काम आहे. कोलेस्टेरॉल त्यातलं एक, महत्त्वाचं, पण एकटं नव्हे.

आता रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत का जात नाही ते. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की एलडीएलचे कण त्यांतून पार होत नाहीत. याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. साखर, ऑक्सिजन, काही अमिनो आम्लं यांना तिथे वाट आहे. कोलेस्टेरॉलच्या कणांना नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत चौकात स्वतःचा आड असायचा. महापालिकेच्या नळाला पाणी आलं काय, न आलं काय, वाड्याचं काही अडायचं नाही. मेंदूचं कोलेस्टेरॉलच्या बाबतीत तसं आहे.

आणि हा साठा लहानसहान नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचव्या-चौथ्या हिस्स्याइतकं मेंदूत असतं. प्रौढ माणसात साधारण तीस-पस्तीस ग्रॅम. त्यातलं बहुतांश मायलिनमध्ये, म्हणजे चेतातंतूंवरच्या चरबीच्या आवरणात, वर्षानुवर्षं जवळपास तसंच राहतं. मेंदूतून बाहेर पडतं ते दिवसाकाठी सहा-सात मिलिग्रॅम. तेही सरळ बाहेर पडू शकत नाही. चेतापेशीतलं एक एन्झाइम त्याचा रासायनिक आकार किंचित बदलतं, मगच ते अडसर ओलांडून रक्तात येतं आणि यकृताकडे जातं. तेवढीच भर मेंदू रोज आतून घालतो. ही भर घालायला लागणारा कच्चा माल साखरेपासूनही मिळतो.

आता भेजा फ्रायचं गणित करू. शंभर ग्रॅम भेज्यात हजार मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल असतं. मेंदूची दिवसाची गरज सहा-सात मिलिग्रॅम, आणि तीही आतच भागते. मग ताटातून आलेलं जातं कुठे? आतड्यातून यकृतात, यकृतातून रक्तात, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते नको तिथेच जाण्याची शक्यता जास्त, म्हणजे हृदयाच्या आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत. खाल्लेल्या मेंदूतून मेंदूला काही पोचत नाही. वस्तादांबद्दल मला आदर आहे. खासबागच्या मातीत घाम गाळणाऱ्या विशीतल्या पोराचा खुराक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. पण स्टेंट बसलेला ६८ वर्षांचा माणूस ही त्यांची शाखा नव्हे.

रक्तातून मेंदूत अजिबात काही शिरत नाही असंही नाही, तेवढा अपवाद सांगायला हवा. २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल नावाचं, थोडं बदललेलं रूप आत जाऊ शकतं. पण मेंदू ते कोलेस्टेरॉल म्हणून वापरत नाही, पुढे मोडून टाकतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल जितकं जास्त तितकं हे रूपही जास्त. म्हणजे या एका वाटेनेसुद्धा जास्त कोलेस्टेरॉल हे मेंदूच्या फायद्याचं ठरत नाही.

एवढं सांगूनही शंका राहत असेल तर नवजात बाळाकडे बघा. माणसाच्या आयुष्यात सिनॅप्स सर्वांत झपाट्याने तयार होतात ते जन्माच्या आगेमागे आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत. आणि जन्मलेल्या बाळाच्या रक्तातलं एलडीएल किती असतं? साधारण ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. तुमच्या वडिलांच्या ५८च्या निम्मं! दूध सुरू झालं की ते वाढतं, पण गर्भात असताना, मेंदूची इतकी बांधणी चाललेली असताना, ते एवढंच कमी असतं. रक्तातल्या आकड्यावर मेंदूतली जोडणी अवलंबून असती तर आपल्यापैकी कुणीच शहाणं निपजलं नसतं.

उलट बाजूचा पुरावा एका दुर्मीळ जन्मजात आजारातून मिळतो. स्मिथ-लेमली-ओपिट्झ सिंड्रोम. यात कोलेस्टेरॉल बनवण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवरचं एन्झाइम बिघडलेलं असतं, त्यामुळे मेंदूच्या आतही ते नीट बनत नाही. या मुलांना बौद्धिक अडचणी असतात, वागण्याच्या असतात. त्यांना तोंडाने कोलेस्टेरॉल दिलं की रक्तातली पातळी सुधारते, वजन-वाढीला मदत होऊ शकते, पण मेंदूतली उणीव त्याने भरून निघत नाही. जिथे खरोखर मेंदूत तुटवडा आहे तिथेही खाऊन तो भरत नाही, हे या मुलांनी आपल्याला शिकवलंय.

मात्र तुमच्या प्रश्नाचा एक भाग असा आहे जो मी झटकून टाकणार नाही. एलडीएलचे कण मेंदूत जात नाहीत हे ठीक, पण स्टॅटिनची गोळी स्वतः आत गेली तर? तिचं काम कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमला अडवण्याचं, आणि ते एन्झाइम ग्लियांमध्येही आहे. शंका रास्त आहे. उंदरांच्या अॅस्ट्रोसाइटमधली चरबी बनवण्याची यंत्रणा जनुकीय मार्गाने बंद केली तेव्हा त्यांचे सिनॅप्स अपक्व राहिले, हेही दिसलेलं आहे. आणि सगळी स्टॅटिन सारखी नसतात. सिम्व्हास्टॅटिन, अटोर्व्हास्टॅटिन ही चरबीत विरघळणारी. रोसुव्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन ही पाण्यात विरघळणारी. पहिल्या गटातली मेंदूत थोडीफार शिरू शकतात. म्हणून शंका तर्कावर न सोडता माणसांवरच्या चाचण्यांत बघावी लागते.

तशा चाचण्या झाल्यात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत ७० ते ८२ वयाचे ५,८०४ लोक होते. निम्म्यांना प्रॅव्हास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली सारखी दिसणारी गोळी. स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त २०,५३६ लोक होते, गोळी सिम्व्हास्टॅटिन ४०, म्हणजे चरबीत विरघळणारी. शेवटी घेतलेल्या आकलनाच्या चाचणीत दोन्ही गट सारखे. २०१७च्या ‘एबिंगहाउस’ अभ्यासात तर स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णांना वर एव्होलोक्युमॅबचं इंजेक्शन दिलं, ज्याने एलडीएल आणखी कितीतरी खाली येतं. १,२०४ जणांची स्मरणशक्ती, विचारांची गती हे सगळं मोजलं. पंचविसाच्या खाली गेलेल्यांचीही स्मरणशक्ती घसरलेली नव्हती.

याच्या दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१२ साली स्टॅटिनच्या माहितीपत्रकात अशी सूचना घातली की काही रुग्णांनी विसरभोळेपणा, गोंधळ अशा तक्रारी केल्यात. त्या सहसा गंभीर नसतात आणि गोळी थांबवल्यावर जातात. हे मी लपवत नाही, कारण माझ्याकडेही असा एखादा रुग्ण येतो. पण इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. ‘सॅमसन’ नावाच्या ब्रिटिश चाचणीत, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. कुठली कधी ते त्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीनेही झाला. कळलं तेव्हा त्यातल्या निम्म्यांनी गोळी परत सुरू केली. त्रास खोटा नव्हता. तो बहुतांशी गोळीतल्या औषधाचा नव्हता. तुमच्या वडिलांनीही विसर पडण्याबद्दल आधी ऐकलं की आधी अनुभवलं, हा क्रम मला जाणून घ्यायला आवडेल.

मग त्यांना होतंय ते काय? समोर माणूस नसताना मी निदान करणार नाही. पण ओपीडीत या वयाचा, हृदयाची औषधं चालू असलेला, विसरतो म्हणून आणलेला गृहस्थ येतो तेव्हा माझं डोकं कुठल्या क्रमाने चालतं ते सांगतो.

पहिली शंका कानांची. हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. पण पॉवर प्रेसच्या धडधडाटात तीस-चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत असले तर ते आश्चर्य. अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण अर्धंच. मग ‘सांगितलं होतं की, विसरलात’ असं घरचे म्हणतात, आणि तो बिचारा मान्यही करतो, कारण ऐकू आलं नाही हे त्यालाही कळलेलं नसतं. ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची श्रवणचाचणी, करून घ्या. कमी ऐकू येणं उपचाराविना सोडलं तर पुढे डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, शक्यताही वाढते.

त्यानंतर औषधांचा डबा. स्टॅटिनकडे बोट दाखवण्याआधी मी झोपेची गोळी शोधतो. अल्प्राझोलाम आपल्याकडे कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालू असते आणि ती गोळी कुणी औषधांत धरतही नाही. तसंच सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, नैराश्य किंवा नस दुखण्यावरचं अमिट्रिप्टिलिन. या गोळ्या उतारवयात स्मरणशक्तीवर ठळक परिणाम करतात, स्टॅटिनपेक्षा कितीतरी ठळक. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पँटोप्राझोल बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी-१२ कमी होतं. आठवड्याला मटण खाणाऱ्या घरातही होतं, कारण अडचण ताटात नसून शोषणात असते. बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम या तपासण्या साध्या आहेत आणि त्यात काही सापडलं तर ते दुरुस्त होण्यासारखं असतं.

मग मन. हार्ट अटॅकनंतर येणारं नैराश्य पुरुष बोलून दाखवत नाहीत, आपल्या भागात तर नाहीच. ते दिसतं ते असं: कट्ट्यावर जाणं बंद, पेपर उघडलेला पण वाचलेला नाही, नावं आठवत नाहीत, पहाटे तीनला जाग. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हेही विचारतो. आणि लहान लहान स्ट्रोक. ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या अरुंद झाल्या, त्याच्या मेंदूच्या वाहिन्या ताज्या करकरीत असतील असं समजायचं कारण नाही. तुमच्या मूळ तर्काची खरी गफलत इथे आहे. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने कमी केलं की हार्ट अटॅक-स्ट्रोकसारख्या घटना सुमारे पाचव्या हिस्स्याने कमी होतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या तज्ज्ञ आयोगाने डिमेन्शिया टाळण्यासाठी सुधारता येण्यासारखी जी १४ कारणं दिली, त्यांत मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल नव्याने घातलं आहे. म्हणजे वडिलांची स्मरणशक्ती सांभाळायची तर ही गोळी चालू असणं त्यांच्या बाजूचं आहे.

नुसती नावं न आठवणं मला तितकंसं घाबरवत नाही. नंतर आठवत असतील तर बहुधा वयाचा भाग. काळजी वाटते ती रोजच्या वाटेवर, समजा बिंदू चौकातून घरी येताना चुकणं, सुटे पैसे न जमणं, एकच गोष्ट दहा मिनिटांत परत विचारणं, जेवल्याचं विसरणं याची. तुम्ही लिहिलेल्यातलं ‘तीच चौकशी परत’ हे वाक्य मी त्यासाठीच अधोरेखित केलं. ती तासाभरात होते की चार दिवसांनी, यावर बरंच ठरतं.

हे सगळं बघून काहीच हाती लागलं नाही, आणि विसर गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सुरू झाल्याचं घरच्यांना पक्कं आठवत असेल, तर मी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलतो. गोळी नुसती थांबवायची नाही, रोसुव्हास्टॅटिनवर बदलायची, किंवा मात्रा कमी करून सोबत एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल कमी करणारं वेगळ्या गटातलं औषध द्यायचं, आणि आधी-नंतर तीच स्मरणचाचणी घ्यायची. बदलून फरक पडला तर प्रश्न मिटला. एलडीएल ५५च्या आसपास किंवा खाली ठेवायचं ते आहेच. पण हे हार्ट अटॅक झालेल्या माणसापुरतं. ज्याला हृदयाचा कधी त्रास नाही, वय पंचाऐंशीच्या पुढे आहे आणि तब्येत सगळीकडून खचलेली आहे, अशा व्यक्तीच्या बाबतीत स्टॅटिन चालू ठेवावं का, याचं माझं उत्तर वेगळंही असू शकतं. तुमच्या वडिलांचं उत्तर बघून शेजाऱ्याने आपल्या आईची गोळी ठरवू नये.

नातवाचं सोपं आहे. दोन वर्षांखालच्या मुलाच्या आहारात चरबी तोडायची नसते, तेव्हा भातावर, मऊ खिचडीवर घरचं तूप घाला, बिनदिक्कत. पण त्याच्या सिनॅप्ससाठीचं कोलेस्टेरॉल त्याच्या ग्लिया बनवतायत. त्यासाठी वाटीभर तूप पाजायची गरज नाही. या वयात मेंदूला खरा फटका बसतो तो लोह आणि आयोडीन कमी पडल्याने. नुसत्या दुधावर पोट भरणाऱ्या, काही खायला न मागणाऱ्या गुटगुटीत मुलात लोहाची कमतरता मी बालरोगतज्ज्ञ मित्रांकडे वरचेवर ऐकतो. त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

वडिलांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेताना औषधांची यादी लिहून नेऊ नका, अख्खा डबाच न्या, त्यात कागदाच्या पुडीतल्या सुट्या गोळ्या असतील तर त्यासकट. आणि जे त्यांच्यासोबत दिवसभर घरी असतात, बहुधा तुमच्या आई, त्यांना सोबत न्या. वडील तपासायच्या खोलीत असताना त्यांना बाहेर पाच मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.